कार्तिकीची वाटी

मार्गशीर्षातली सकाळ होती. मलकागंजकडून हिंदूराव इस्पितळाकडे चढत जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, चहाच्या टपरीमागे टाकलेल्या पोत्यावर चार पिल्लं होती. चहाला थांबणारा जवळजवळ प्रत्येक जण त्यांना एखादं ग्लुकोज बिस्किट टाकत होता आणि तीन पिल्लं ती बिस्किटं भराभर मटकावत होती. चौथी, तांबूस रंगाची, बसल्या जागेवरून उठत नव्हती. पोट नगाऱ्यासारखं, पाय काडीसारखे, पाठीचे मणके मोजून घ्यावेत असे. आई दिसत नव्हती. टपरीवाल्याने सांगितलं की दोन दिवस झाले, ती आलेली नाही. मी त्या चौथीला शालीत गुंडाळून घरी आणलं. कार्तिकात जन्मली असणार, म्हणून तिचं नाव कार्तिकी.

जागेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मराठी माणसाला या टेकडीशी ओळख असायला हवी. ज्या हिंदूरावांचं नाव इस्पितळाला आहे ते कागलच्या घाटगे घराण्यातले, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. विल्यम फ्रेझर या ब्रिटिश अधिकाऱ्याची कोठी इथे होती. 1835 मध्ये फ्रेझरचा खून झाला, पुढे ही कोठी हिंदूरावांनी घेतली आणि टेकडीला त्यांचं नाव चिकटलं. 1857 च्या वेढ्यात इंग्रजांचा मुख्य मोर्चा याच कोठीत होता. जवळच अशोकाचा एक स्तंभ उभा आहे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो मेरठहून इथे आणला. माझं माहेर कागलच्या बाजूचं, त्यामुळे दिल्लीत आल्यापासून या चढावर पाय आपसूक वळतात.

पिल्लं थंडीत का दिसतात, हे आपल्याकडे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. कुत्र्यांचा भाद्रपद म्हणजे काय, हे मराठीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भाद्रपद-आश्विनात मीलन, मग साधारण 63 दिवसांचा गर्भकाळ आणि कार्तिक-मार्गशीर्षात बाळंतपण. कोल्हापुरात हे निभून जातं. दिल्लीत मात्र पिल्लाचे डोळे उघडून ते जरा हिंडू-फिरू लागतं तेव्हा हाडं गोठवणारी थंडी सुरू झालेली असते, आणि ऊब टिकवायलाच बरंचसं अन्न खर्च होतं. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भटक्या कुत्र्यांच्या 95 वेतांतल्या 364 पिल्लांवर लक्ष ठेवलं होतं. त्यांतली फक्त 19 टक्के पिल्लं वयात येईपर्यंत जगली. त्याच गटाने आणखी एक गोष्ट नोंदवली. पिल्लं दोन-अडीच महिन्यांची होऊ लागली की आई आपला घास त्यांच्याशी वाटून घेणं कमी करत जाते आणि पुढे त्यांच्या तोंडचंही घेते. म्हणजे सगळ्यात जोरात वाढायच्या दिवसांतच त्यांना आपल्या आपण पोट भरावं लागतं. माझ्या शालीतलं पिल्लू नेमक्या त्या उंबरठ्यावर होतं.

पहिल्याच संध्याकाळी माझी चूक झाली. घरात म्हशीचं दूध होतं. ते कोमट केलं, ब्रेड कुस्करला आणि वाटी तिच्यापुढे ठेवली. तिने वाटी चाटून लख्ख केली. रात्री दोन वाजता तिला जुलाब सुरू झाले. दीड किलोचं पिल्लू, आधीच कोरडं पडलेलं. पहाटेपर्यंत तिला मान धरवत नव्हती. सकाळी डॉक्टरांकडे सलाईन लागलं आणि तिथेच मला पहिला धडा मिळाला.

दूध म्हणजे दूध, हा आपला समज कुत्र्याच्या पिल्लाला लागू पडत नाही. गाईच्या दुधात साधारण 4 टक्के स्निग्धांश, सव्वातीन टक्के प्रथिनं आणि पावणेपाच टक्के दुधातली साखर असते. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश 8 ते 10 टक्के, प्रथिनं 7 ते 8 टक्के आणि साखर मात्र जेमतेम साडेतीन. म्हणजे ते गाईच्या दुधापेक्षा दुपटीने घट्ट आणि कमी गोड. म्हशीचं दूध स्निग्धतेत जवळ जातं, पण त्यातही प्रथिनं निम्मीच आणि साखर जास्त. ही साखर पचवणारं विकर दूध सुटू लागलं की पिल्लाच्या आतड्यात कमी होत जातं. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब होतात. दही किंवा ताक त्या मानाने सोसतं, कारण विरजणाच्या जिवाणूंनी साखरेचा काही भाग आधीच संपवलेला असतो. पण दही हे तोंडी लावणं झालं. दहीभातावर मोठ्या माणसाचं दुपारचं जेवण होतं, पिल्लाची हाडं त्यावर उभी राहत नाहीत.

हे आकडे मी पुढे फार दिवस डोक्यात ठेवले. पिल्लाला नैसर्गिक काय, असं कुणी विचारलं की मी आधी आईच्या दुधाकडे बोट दाखवते. निसर्गाने पिल्लासाठी मुद्दाम बनवलेला पदार्थ तो एकच. बाकी सगळं आपण वाटीत घालतो ते त्याची भरपाई म्हणून. ती भरपाई किती जुळते, एवढाच प्रश्न उरतो.

आणि ते दूध इतकं घट्ट का, हे वाढीच्या वेगावरून कळतं. माणसाच्या बाळाचं जन्माचं वजन दुप्पट व्हायला साधारण पाच महिने लागतात. कुत्र्याचं पिल्लू तेच आठ-दहा दिवसांत करतं. तीनशे ग्रॅमचा जीव दोन महिन्यांत तीन किलोच्या आसपास जातो. म्हणून वजनाच्या मानाने त्याला मोठ्या कुत्र्याच्या दुप्पट अन्न लागतं, आणि पोट तर इवलंसं. दिवसाचं सगळं एकदम वाढून भागत नाही. तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा, हा हिशोब तिथून येतो.

पण अन्नाच्याही आधी जंत. कार्तिकीचं पोट नगाऱ्यासारखं होतं ते अन्नाने नव्हे. कुत्र्यांतले गोल जंत आईच्या पोटात असतानाच पिल्लात शिरतात, नंतर दुधातूनही येतात. म्हणून जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून, दर पंधरा दिवसांनी, निदान दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत द्यायचं असतं, वजन करून. कार्तिकीला पहिला डोस दिल्यावर दुसऱ्या दिवशी शेवयांच्या गुंडाळ्यासारखे जंत पडले. तोवर तिच्या वाटीतला बराचसा घास त्यांच्याच पोटात जात होता. हेच जंत लहान मुलांच्याही शरीरात जाऊ शकतात, म्हणून पिल्लाची शी उचलणं आणि हात धुणं हेही त्याच्या जेवणाइतकंच महत्त्वाचं. लसींचं वेळापत्रकही याच दिवसांत सुरू होतं. पार्व्हो हा विषाणूचा आजार झालेल्या पिल्लाला कुठलाही पौष्टिक घास वाचवत नाही. पिल्लू ओकत असेल आणि शीमध्ये रक्त असेल तर घरगुती उपायात एक तासही घालवू नये.

आता बिस्किटांकडे येते. टपरीवर बिस्किट टाकणाऱ्यांचं मन चांगलंच असतं. पण ग्लुकोज बिस्किटात तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग मैदा आणि साखरेचा असतो, प्रथिनं शंभर ग्रॅममागे सात ग्रॅमच्या आसपास. त्याने भूक मरते, शरीर बांधायला माल मिळत नाही. त्या पोत्यावरची तीन पिल्लं गुटगुटीत दिसत होती, तरी त्यांच्या अंगावरचे केस राठ आणि फिकट होते. केस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन, त्यामुळे तुटवडा तिथे आधी दिसतो. दिल्लीत आता रस्त्यावरच्या कुत्र्यांना कुठे खाऊ घालायचं यावरही नियम आले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशानुसार त्यासाठी ठरवून दिलेल्या जागा असायला हव्यात. जागा ठरवून जायचंच आहे, तर पिशवीत बिस्किटांऐवजी उकडलेली अंडी आणि भात असावा, असं मी आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना सांगत असते. अंड्याच्या प्रथिनात पिल्लाला लागणारे सगळे घटक असतात, पिवळ्या बलकात ड जीवनसत्त्व असतं, आणि अंडं कुठल्याही किराणा दुकानात मिळतं. फक्त ते शिजवलेलं हवं. कच्च्या पांढऱ्या बलकात बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरणारं प्रथिन असतं, ते शिजवल्यावर निष्प्रभ होतं.

दूध-पोळी आणि दूध-भाकरी यांच्याबद्दल मला तुच्छतेने बोलायचं नाही. धनगरांची कुत्री भाकरीवरच राखणीला उभी असतात, आणि आमच्या भागातले करवानी कुत्रे पाळणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या कण्या, भाकरी आणि दूध घालत आलेत. कुत्रा भाकरी पचवू शकतो, याला आता पुरावाही आहे. स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये लांडगे आणि कुत्रे यांची जनुकं ताडून पाहिली. पिष्ट पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाने शेती केली, उकिरड्यावर शिळं टाकलं आणि त्याच्या दारात बसणाऱ्या जनावराचं पोट हजारो वर्षांत बदलत गेलं. तेव्हा शिजवलेला भात किंवा भाकरी कुत्र्याला परकी नाही. कुत्रा म्हणजे लांडगा, त्याला फक्त कच्चं मांस घाला, असं सांगणारे हे विसरतात. पण धनगराचं कुत्रं नुसत्या भाकरीवर राहत नाही, हेही आपण विसरतो. ते मेंढीची वार खातं, मेलेल्या कोकराची हाडं चघळतं, शेतातले उंदीर-ससे मारतं. भाकरी ही त्याच्या जेवणाची एक बाजू, दुसरी बाजू आपल्याला दिसत नाही. शहरातल्या तिसऱ्या मजल्यावर ती दुसरी बाजू आपल्यालाच वाटीत घालावी लागते.

नुसत्या पोळीवर वाढणाऱ्या पिल्लाचं आणखी एक दुखणं असतं. गव्हाच्या कोंड्यातला फायटेट नावाचा पदार्थ जस्त आणि कॅल्शियम धरून ठेवतो, आतड्यातून आत जाऊ देत नाही. तोंडाभोवती, डोळ्यांभोवती, कोपरांवर खपल्या धरलेली पिल्लं पाहिली की लोक त्याला खरूज समजतात. काही वेळा ती खरूज असते, काही वेळा जस्ताची कमतरता. हे कातडीचा खरवड तपासूनच कळतं.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

आमच्याच इमारतीत एका कुटुंबाने अल्सेशियनचं पिल्लू आणलं होतं. खाण्यात काही कमी पडू नये म्हणून ते त्याला रोज अर्धा-पाऊण किलो बिनहाडाचं उकडलेलं चिकन घालत. भात नाही, दूध नाही, तयार खाद्य नाही. निव्वळ नैसर्गिक, असं ते अभिमानाने सांगत. चौथ्या महिन्यात पिल्लाचे पुढचे पाय बाहेर वाकू लागले. ते जिना चढायला कण्हू लागलं. मग एक दिवस सोफ्यावरून उडी मारली आणि मागचा पाय मोडला. क्ष-किरणाच्या चित्रात हाडं इतकी पातळ होती की त्यांच्या कडा भोवतालच्या मांसापासून नीट वेगळ्या दिसत नव्हत्या. तो काळसर फोटो मी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आहे. भरपेट, महागडं, ताजं मांस खाणाऱ्या पिल्लाची हाडं अशी कशी झाली?

शंभर ग्रॅम चिकनमध्ये सुमारे 200 मिलिग्रॅम फॉस्फरस असतो आणि कॅल्शियम जेमतेम 10 ते 12 मिलिग्रॅम. वाढत्या पिल्लाला हे दोन्ही जवळजवळ सारखे, किंवा कॅल्शियम थोडं जास्त, असे लागतात. एकास एक ते दोनास एक या बेतात. निव्वळ मांसात ते प्रमाण एकास पंधरा-वीस होतं. रक्तातलं कॅल्शियम ठरावीक पातळीखाली गेलं तर हृदय आणि स्नायू चालत नाहीत, म्हणून शरीर ते कमी होऊ देत नाही. गळ्याजवळच्या इवल्याशा ग्रंथी संप्रेरक सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम उपसून रक्तात आणतात. जेवणातून येत नाही म्हणून बँकेतली ठेव मोडायची, रोज थोडी थोडी. बाहेरून पिल्लू धडधाकट दिसतं, आतून हाड पोखरत जातं. लोक याला सरसकट मुडदूस म्हणतात आणि पिल्लाला कोवळ्या उन्हात बसवतात. उन्हाने माणसाच्या मुलाला फायदा होतो, कारण आपल्या कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं. कुत्र्याच्या कातडीत ते पुरेसं तयार होत नाही, त्याला ते अन्नातूनच घ्यावं लागतं. ऊब म्हणून ऊन जरूर द्यावं, औषध म्हणून नव्हे.

रानातला शिकारी प्राणी मांस खातो तेव्हा कॅल्शियम कुठून येतं? हाडांतून. लांडगा सशाची हाडं काढून ठेवत नाही, सबंध ससा खातो. त्याच्या शिकारीत स्नायू, हाड, काळीज, आतडी, कातडी सगळं येतं. आपण त्यातला आपल्याला आवडणारा एक तुकडा उचलतो, स्वच्छ करतो, आणि त्याला नैसर्गिक आहार म्हणतो. बिनहाडाच्या मांसाचा गोळा निसर्गात कुठेच मिळत नाही. माझं सगळं म्हणणं या एका ठिकाणी येऊन थांबतं.

मग हाड घालावं का? शिजवलेलं हाड तसंच घालू नये. शिजल्यावर ते ठिसूळ होऊन सुईसारखं फुटतं आणि आतड्यात रुततं. कच्च्या मांसात आणि हाडात साल्मोनेलासारखे जिवाणू असतात. ते पिल्लाच्या शीतून, तोंडातून, वाटीतून घरातल्या मुला-म्हाताऱ्यांपर्यंत पोचतात. दिल्लीच्या मे-जूनमध्ये उघड्यावर टांगलेल्या मांसाचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. हाडांचा रस्सा काढून दिला की काम होतं, हा समजही चुकीचा. पाया किंवा रस्सा चविष्ट होतो, पण कॅल्शियम हाडातच राहतं, पाण्यात फार थोडं उतरतं.

अंड्याच्या टरफलाची पूड हा लोकप्रिय उपाय. एका टरफलात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असतं, बारीक दळलं तर ते अंगी लागतं. मोठ्या कुत्र्याच्या मांस-भाताला त्याने पुरेसा तोल येतो. पण वाढत्या पिल्लाला फॉस्फरसही भरपूर लागतो, आणि टरफलात तो जवळजवळ नसतो. हाड बनतं ते दोन्हींच्या जोडीने. म्हणून पिल्लासाठी हाडांची भुकटी किंवा डायकॅल्शियम फॉस्फेट, डॉक्टरांनी मोजून दिलेलं, हे जास्त योग्य.

माझ्या कामाला कुकर आला. आझाद मार्केटच्या बाजूला मी जिथे चिकन घेते तिथला दुकानदार पोटा-कलेजी, माना आणि पंजे वेगळे ठेवतो. हे सगळं मांसापेक्षा कितीतरी स्वस्त. कोंबडीच्या माना कुकरमध्ये बुडतील एवढं पाणी घालून पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर तास-सव्वा तास ठेवायच्या. वाफ आपोआप जिरू द्यायची. मग हात स्वच्छ धुऊन एकेक मणका अंगठा आणि तर्जनीत धरून दाबायचा. नीट शिजला असेल तर तो भिजवलेल्या खडूसारखा चुरा होतो. बोटाला टोचेल, कणी लागेल, तो तुकडा बाजूला, पुन्हा कुकरमध्ये. मी परातीत सगळा लगदा पसरून तळहाताने दोनदा फिरवते, डाळीतले खडे पाहावेत तशी. या लगद्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही येतात. हे कोंबडीच्याच बारीक हाडांना जमतं, मटणाच्या हाडाला नाही. आणि हा लगदा घालायचा असेल तर तो किती आणि कॅल्शियमची पूड मग किती कमी, हे डॉक्टरांना विचारूनच. दोन्ही भरभरून घालणं हीसुद्धा चूकच.

कारण कॅल्शियम जास्त झालं तरी घात होतो. मोठा कुत्रा गरजेपुरतं कॅल्शियम शोषतो आणि बाकीचं टाकून देतो. सुरुवातीच्या महिन्यांत पिल्लाच्या आतड्याला ही निवड जमत नाही, जेवढं येईल त्यातलं बरंचसं आत जातं. लॅब्रेडॉर, अल्सेशियन, ग्रेट डेन यांच्या पिल्लांना तयार खाद्याच्या जोडीला माणसांचं कॅल्शियमचं सिरप पाजणारी घरं दिल्लीत मला गल्लोगल्ली भेटतात. त्या खाद्यात कॅल्शियम आधीच मोजून घातलेलं असतं. वरच्या सिरपाने सांध्यांतली कूर्चा बिघडते, हाडं वेडीवाकडी वाढतात.

कार्तिकी तीन महिन्यांची, चार किलोची झाली तेव्हा तिचं दिवसाचं जेवण असं होतं: दोनशे ग्रॅम चिकन, त्यात थोडी कातडी, एक उकडलेलं अंडं, वाटीभर मऊ भात, सुपारीएवढी कलेजी, दोन चमचे उकडलेला लाल भोपळा, अर्धा चमचा तेल, आणि डॉक्टरांनी तिच्या वजनाला ठरवून दिलेली खनिज-जीवनसत्त्वांची पूड. सगळं मिळून सहाशेच्या आसपास कॅलरी, चार वेळांत वाटून. कलेजी सुपारीएवढीच का, तर तिच्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की रोज वाटीभर दिली तर तेच विषासारखं होतं. आणि पूड कशाला, सगळं ताजं असताना? अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयाने 2013 मध्ये कुत्र्यांसाठीच्या 200 घरगुती पाककृती तपासल्या होत्या. त्यांतल्या 95 टक्के पाककृतींत एक तरी अत्यावश्यक घटक कमी निघाला. त्या पाककृती तर मोठ्या कुत्र्यांसाठी होत्या. पिल्लाच्या बाबतीत चुकायला जागा त्याहून कमी.

तेलाचं सांगते. नामदेवांची गोष्ट आपल्याकडे प्रत्येक मुलाला ठाऊक असते: कुत्र्याने पोळी पळवली आणि महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. लहानपणी मला त्यात फक्त भक्ती दिसायची. आता वाटतं, कुत्र्याला कोरडी पोळी पुरत नाही, हे त्या गोष्टीत किती सहज आलं आहे. स्निग्धांशाशिवाय पिल्लाला पुरेशी ताकद मिळत नाही. तुपाने ताकद मिळते, पण कातडी आणि केसांना लागणारं लिनोलिक आम्ल तुपात कमी असतं. ते सोयाबीन किंवा सूर्यफुलाच्या तेलात आणि कोंबडीच्या चरबीत भरपूर मिळतं.

मांस घरात न येणारी कुटुंबं दिल्लीत पुष्कळ आहेत आणि त्यांचा प्रश्न खराखुरा आहे. हिंदूरावच्या स्तंभाजवळून जाताना तो मला नेहमी आठवतो, कारण अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात जिवाला जिवावर पोसू नये असं सांगितलं आहे. दूध पाजणाऱ्या शेळ्या-मेंढ्या आणि सहा महिन्यांखालची त्यांची पिल्लंही मारू नयेत, असंही त्यात आहे. सहा महिन्यांपर्यंत पिल्लू म्हणजे पिल्लूच, हे त्या राजाने किती नेमकं धरलं! अंडं चालत असेल, तर अंडी, पनीर, दही, शिजवलेल्या सोयावड्या आणि भात यांवर पिल्लू वाढवता येतं, मात्र खनिजांची पूड तिथे दुप्पट काटेकोरपणे लागते. अंडंही चालत नसेल तर पिल्लाची वाढ होईपर्यंत घरच्या प्रयोगांऐवजी संपूर्ण आहार म्हणून बनवलेलं तयार खाद्य घालावं, असं माझं स्पष्ट मत आहे. पाकिटावर वाढीच्या वयासाठी संपूर्ण आहार असल्याचं लिहिलेलं हवं. नुसत्या ‘नॅचरल’ या शब्दावरून कॅल्शियमचा तोल साधला आहे की नाही, हे कळत नाही. तयार खाद्याला मी वाईट म्हणत नाही. ज्याच्याकडे कुकर लावायला वेळ नाही, त्याच्या पिल्लाला चांगलं तयार खाद्य हे अर्धवट घरगुती जेवणापेक्षा बरं.

आपल्या ताटातलं मात्र पिल्लाला नको. आमच्या कोल्हापूरकडच्या स्वयंपाकात कांदा-लसूण मसाल्याशिवाय पान हलत नाही, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवलेलेसुद्धा. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंड निकामी करू शकतात, म्हणून प्रसादाचा शिरा त्यातल्या बेदाण्यांमुळे धोक्याचा. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेलं बिनसाखरेचं च्युइंगम, हेही तसंच धोक्याचं.

किती घालायचं, याचं उत्तर वाटीपेक्षा बरगड्यांत जास्त नेमकं मिळतं. हात फिरवला की बरगड्या बोटांना सहज लागाव्यात, नजरेला मात्र उठून दिसू नयेत. वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली दिसावी. गुबगुबीत पिल्लू आपल्याला गोड वाटतं, पण मोठ्या जातींत तो गोडवा सांध्यांना महागात पडतो. 48 लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या लावून आठव्या आठवड्यापासून एका गटाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं दिलं होतं, जन्मभर. कमी खाणारे सरासरी 13 वर्षं जगले, दुसरे 11.2 वर्षं, आणि कमी खाणाऱ्यांना सांधेदुखीही उशिरा आली. मुधोळच्या घोरपडे संस्थानात जोपासलेल्या सडपातळ शिकारी कुत्र्यांची पिल्लं 2016 मध्ये लष्कराने मेरठला प्रशिक्षणासाठी नेली. त्या जातीच्या बरगड्या पाहून अनोळखी माणूस त्या कुत्र्यांना उपाशी समजतो. तो बांधाच तसा, आणि आपला गावठी कुत्राही त्या बाजूला झुकणारा. कार्तिकीला पाहून शेजारच्या आंटीजी अजूनही म्हणतात, हिला जरा दूध-रोटी घाल. मी त्यांचा हात धरून तिच्या बरगड्यांवरून फिरवते.

ती आता साडेपाच महिन्यांची आहे. वजन अकरा किलो, पाय सरळ, तांबूस केसांवर तेल लावल्यासारखी चमक. त्या पोत्यावरच्या बाकी तिघांपैकी एकालाच टेकडीवर पुन्हा पाहिलं. टपरीवाला त्याला आता रोज एक अंडं उकडून घालतो.

काल झाडताना सोफ्याखाली तिचा दुधाचा सुळा सापडला, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, आतून पोकळ. कुत्र्याला 28 दुधाचे दात असतात, त्यांच्या जागी 42 कायमचे येतात, सातव्या महिन्यापर्यंत. नवीन सुळा हिरडीतून अर्धा वर आला आहे. त्यावरचं पांढरं एनॅमल आत्ता बनलेलं नाही. ते हिरडीच्या आत पहिल्या तीन महिन्यांतच बनून तयार होतं. तिच्या ओठाची कड वर करून मी तो दात उजेडात पाहिला. हिरडीपासून टोकापर्यंत गुळगुळीत आहे.